व्हॅनवाल्या काकांची डोकेदुखी

डिसेंबरातल्या गारठ्यात सकाळी साडेसहाच्या सुमारास इंदिरानगर, पाथर्डी फाटा, जेल रोड असे कुठेही उभे राहिले, तर एक आवाज हमखास कानावर येतो. रात्रभर उघड्यावर उभी असलेली शाळेची जुनी व्हॅन सुरू होते आणि सीटखालून ‘टिक टिक टिक’ सुरू होते. एक्सिलरेटर दाबला की टिकटिक जोरात, सोडला की हळू. दोन-तीन थांबे होईपर्यंत, मुले दप्तरांसकट कोंबून बसेपर्यंत, आवाज विरून जातो. व्हॅनवाल्या काकांचे निदान ठरलेले असते : ‘थंडीमुळे होतं. गरम झाली की बसते गाडी.’

निदान अर्धे बरोबर असते. गाडी गरम झाल्यावर आवाज खरोखरच बसतो. पण आवाज का बसला, हे कळले तर काका ती व्हॅन दुसऱ्या दिवशी मुलांना घ्यायला नेणार नाहीत.

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर पडतो. या वेगवेगळ्या तोंडांतला वायू गोळा करून एका नळीत सोडणारा ओतीव लोखंडाचा जाडजूड भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. तो इंजिनाच्या हेडला नट-बोल्टने जखडलेला असतो आणि मधे एक पातळ पॅकिंग, म्हणजे गॅस्केट. अडचण अशी, की हेड बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे आणि मॅनिफोल्ड लोखंडाचे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणजे गाडी सुरू-बंद होईल तसे हे दोन धातू एकमेकांवर घासतात, बोल्ट ताणले जातात, सैल होतात. कडेचे स्टड आधी तुटतात. पॅकिंग जळते. कधी मॅनिफोल्डलाच केसासारखी चीर जाते. थंड असताना ही फट उघडी असते, म्हणून टिकटिक. तापल्यावर धातू फुगतो, फट बरीचशी मिटते आणि आवाज बंद होतो. गळती मात्र पूर्ण बंद होतेच असे नाही. जुन्या इंजिनात टॅपेटचाही आवाज असाच येतो. त्यामुळे चांगला मेस्त्री आधी कान लावतो, मग हेडच्या कडेला काजळीचा काळा पट्टा दिसतो का ते बघतो. काजळी दिसली की वाद संपला.

आता काकांच्या डोक्याकडे वळू. शाळेच्या दोन पाळ्या करणारा चालक दिवसाचे चार-पाच तास त्या सीटवर असतो. अकराच्या सुमारास कपाळ जड होते, थोडे मळमळते, चिडचिड वाढते. तो मेडिकलमधून गोळी घेतो. महिन्याभराने दवाखान्यात जातो. तिथे रक्तदाब मोजतात, चष्म्याचा नंबर तपासायला सांगतात, ‘रात्री जागरण करू नका’ म्हणतात, पित्ताची गोळी देतात. यातले काहीच चुकीचे नाही. एक प्रश्न तेवढा बहुतेक वेळा विचारला जात नाही : रविवारी दुखते का? दिवाळीच्या सुट्टीत दुखत होते का? कामाच्या दिवशी येणारी आणि सुट्टीला गायब होणारी डोकेदुखी मेंदूत शोधण्याआधी कामाच्या जागेत शोधावी लागते. त्याची कामाची जागा म्हणजे ती सीट.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गाडीच्या धुराला जो वास येतो तो इतर घटकांचा. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत तो वासही जवळपास जातो, पण मिश्रण नीट जळत नसेल तर हा वायू तिथेही तयार होतोच. म्हणजे सावध करणारी एक खूण गेली, धोका राहिला. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला २०० ते २५० पट अधिक घट्ट धरून ठेवते. एकदा बसलेला पाहुणा उठत नाही. साध्या हवेत रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला चार ते पाच तास लागतात. सकाळच्या पाळीत घेतलेला वायू पुरता बाहेर पडण्याआधीच दुपारची पाळी सुरू होते.

हे ज्ञान नवे नाही. फ्रान्सच्या क्लॉद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच दाखवले होते, की हा वायू रक्तातली ऑक्सिजनची जागा बळकावतो. ब्रिटनच्या जॉन हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात स्वतःवर प्रयोग करून किती मात्रेत काय होते ते नोंदवले आणि कोळशाच्या खाणीत उतरताना छोटे प्राणी-पक्षी सोबत न्यायला सुचवले. त्यांची चयापचयाची गती जास्त असते, श्वास भरभर चालतो, त्यामुळे माणसाआधी ते कोसळतात आणि माणसाला पळायला वेळ मिळतो. शाळेच्या व्हॅनमध्ये भरभर श्वास घेणारे कोण असते, हे वेगळे सांगायला नको. पहिली-दुसरीतली मुले वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात. ‘गाडीत मळमळतं’ हे त्यांचे वाक्य आईबाप ‘गाडी लागते’ या खात्यात टाकतात. पुष्कळदा ते तसेच असते. पण एकाच व्हॅनमधल्या तीन-चार मुलांना गाडी लागत असेल, तर आल्याची वडी देण्याआधी व्हॅन बघायला हवी.

नाशिकमध्ये, तसे महाराष्ट्रभरच, या कामाला वर्षानुवर्षे जी गाडी वापरली गेली ती मारुतीची ओम्नी. १९८४ मध्ये ती ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली, २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले, पण रस्त्यावरून ती अजून हटलेली नाही. स्वस्त, काटक, ८०० सीसीचे इंजिन, कुठल्याही मेस्त्रीला येणारी. तिची खुबी अशी, की इंजिन पुढे बॉनेटखाली नाही, पुढच्या सीटच्या खाली आहे. नंतर आलेल्या ईकोतही इंजिनाची जागा तीच. सीट उचलली की इंजिन हाताशी. म्हणजेच सीट खाली असली की इंजिन थेट बसणाऱ्याच्या बुडाखाली, मधे एक पत्रा आणि कडेची रबरी पट्टी. गाडी नवी असते तेव्हा ही पट्टी नीट बसलेली असते. दहा वर्षांत शंभरदा सीट उचलली जाते, पट्टी फाटते, सुकते आणि एके दिवशी गॅरेजच्या कचऱ्यात जाते. नवी टाका असे कोणी म्हणत नाही, कारण पट्टीशिवायही गाडी चालते. मग खालून मॅनिफोल्ड गळत असेल, थंडीमुळे काचा वर असतील आणि गेटबाहेर रांगेत दहा मिनिटे इंजिन चालू ठेवून व्हॅन उभी असेल, तर सगळे गणित जुळून येते. बॉनेटवाल्या गाड्याही फार सुरक्षित नाहीत. त्यांत बाहेरची हवा आत ओढणारी जाळी पुढच्या काचेच्या तळाशी, बॉनेटच्या मागच्या कडेला असते. उभ्या गाडीत बॉनेटखाली साचलेला वायू तिथूनच आत येतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रत्येक टिकटिकीने कोणी बेशुद्ध पडत नाही. धावत्या गाडीत बराचसा वायू खालच्या खाली उडून जातो. पण उडून जाईल या भरवशावर किती दिवस काढायचे, हा प्रश्न आहे. देशाच्या हवेच्या मानकांत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आठ तासांसाठी दर घनमीटर २ मिलिग्रॅम आणि एका तासासाठी ४ मिलिग्रॅम आहे. ही मर्यादा रस्त्यावरच्या हवेला आहे. व्हॅनच्या आतली हवा कोणी मोजत नाही.

मोठ्या शहरात, मोठ्या कंपनीच्या नव्या गाड्यांतही हे घडू शकते. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराच्या पोलिसांनी जुलै २०१७ मध्ये आपल्या ताफ्यातल्या जवळपास ४०० फोर्ड एक्सप्लोरर गाड्या एकदम बाजूला काढल्या, कारण अधिकारी ड्युटीवर आजारी पडत होते आणि काहींच्या रक्तात हा वायू सापडला होता. तपास करणाऱ्या तिथल्या सरकारी यंत्रणेने त्याच महिन्यात सांगितले, की पोलिसांच्या गाड्यांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डला चिरा जात असाव्यात आणि त्या सहज दिसत नाहीत. आपल्या शेजारचे उदाहरणही फार जुने नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅरव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत सापडले. तिथे गळती मॅनिफोल्डची नव्हती, गाडीतल्या जनरेटरचा वायू आत शिरला होता. यंत्र वेगळे, पण बंद काचा, झोप आणि न दिसणारा वायू हे तिन्ही तेच.

मग हे दुरुस्त का होत नाही? पॅकिंग महाग आहे म्हणून नव्हे. गाडीच्या इतर सुट्या भागांच्या मानाने ते किरकोळ किमतीत मिळते. महाग आहे ती तिथवर पोहोचायची मेहनत. द्वारका ते मुंबई नाका या पट्ट्यातल्या कुठल्याही गॅरेजात हे काम एकदा उभे राहून बघावे. मॅनिफोल्डवरचा पत्रा काढायचा, तर त्याचे स्क्रू गंजलेले. खालची नळी सोडायची, तर गाडी उचलायला हवी. मागच्या बाजूचा नट डोळ्यांना दिसतच नाही. मेस्त्री मनगट वाकवून, बोटांनी चाचपून गोटी पाना त्यावर बसवतो आणि एका वेळी घड्याळाच्या काट्याइतका फिरवतो. गंज सोडवणारे तेल मारून तास-दोन तास थांबावे लागते. घाई केली की स्टड मान मोडून तुटतो आणि त्याचा बुंधा हेडमध्येच राहतो. मग ड्रिलने पोखरून किंवा वर नट वेल्ड करून तो काढायचा. आटे गेले तर नवे पाडायचे. निघालेल्या मॅनिफोल्डवर सरळपट्टी ठेवून तो वाकला आहे का ते पाहायचे. वाकला असेल तर लेथवाल्याकडे फेस मारायला पाठवायचा. बसवताना बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळायचे. हे सगळे नीट करायला अख्खा दिवस जातो. नव्या बीएस-६ गाड्यांत तर धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर मॅनिफोल्डच्या अगदी जवळ आणून बसवलेला असतो. तो लवकर तापावा म्हणून, आणि हे योग्यच आहे. पण हात घालायला होती ती जागाही त्याने खाल्ली.

काकांना दिवस मोकळा नसतो. साडेबाराला शाळा सुटते. त्यामुळे ‘सध्या काहीतरी कर’ असे मेस्त्रीला सांगितले जाते आणि मेस्त्री ते ‘काहीतरी’ करतो. फटीवर सिलिकॉन थापतो, तुटलेल्या स्टडच्या जागी दुसरीकडून पत्र्याची पट्टी ओढून बांधतो, कधी भट्टीला वापरतात तसला दोर गुंडाळतो. मॅनिफोल्डचे तापमान काहीशे अंश सेल्सिअसला जाते. तिथे साधे सिलिकॉन आठवडाभरात जळून झडते. तोवर आवाज बंद असतो, म्हणून दुरुस्ती झाली असे सगळ्यांनाच वाटते. या अर्ध्या कामाबद्दल मेस्त्रीला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. दिवसभराच्या कामाचे पैसे कोणी द्यायला तयार नसेल, तर तो तासाभराचेच काम करणार. वैद्यकीय व्यवसायात यालाच लक्षणांवर उपचार म्हणतात, आणि तिथेही कारण नेमके हेच असते.

या अर्ध्या दुरुस्तीचा एक छुपा परिणाम आहे. इंजेक्शन पद्धतीच्या गाड्यांत मॅनिफोल्डच्या पुढे ऑक्सिजन सेन्सर असतो. सेन्सरच्या आधी फट असेल, तर वायूच्या दोन झोतांमधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटते मिश्रणात इंधन कमी आहे, तो तसे कळवतो, संगणक जास्त इंधन सोडतो, आणि जास्त इंधन म्हणजे अधिक कार्बन मोनॉक्साइड. शिवाय फट कन्व्हर्टरच्या अलीकडे असल्याने गळणारा वायू शुद्ध न झालेला, कच्चा असतो. गाडीचे अ‍ॅव्हरेज पडले अशी तक्रार घेऊन येणारा चालक खरे तर त्याच फटीबद्दल बोलत असतो.

आणि पीयूसी? काचेवर चिकटवलेल्या त्या प्रमाणपत्रावर पालकांचा मोठा विश्वास असतो. पीयूसीवाला नळी घालतो ती सायलेन्सरच्या शेवटच्या तोंडात. तिथून किती घाण शहराच्या हवेत जाते, एवढेच ती तपासणी सांगते. वाटेत, सीटखाली किती गळले, हे तिच्या कक्षेतच नाही. गाडी पीयूसीत पास आणि आत बसलेला नापास, असे होऊ शकते. आठ वर्षांपेक्षा जुन्या प्रवासी वाहनांना दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागते, पण त्या तपासणीला गाडी पोहोचते तेव्हा ती शहरभर फिरून तापलेली असते. जी फट फक्त थंड इंजिनात बोलते, ती तपासायला तापलेली गाडी आणायची, हा प्रकार ताप उतरल्यावर थर्मामीटर लावण्यासारखा आहे.

राज्यात शालेय बससाठी २०११ पासून स्वतंत्र नियमावली आहे. वेग नियंत्रक, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी यांची चर्चा शाळेच्या पालक सभेत होते आणि ती व्हायलाच हवी. त्या यादीच्या शेजारी आणखी एक साधी गोष्ट बसवता येईल : वर्षातून दोनदा, जूनमध्ये शाळा उघडताना आणि थंडी सुरू होताना, प्रत्येक व्हॅन आदल्या रात्रीपासून बंद ठेवून सकाळी थंड इंजिनावर तपासायची. त्याला महागडे यंत्र लागत नाही. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो, तीच युक्ती इथे चालते. इंजिन बंद असताना सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरने हलकी हवा सोडायची आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर साबणाचे पाणी मारायचे. फेस आला की फट सापडली. सोबत सीटखालची रबरी पट्टी जागेवर आहे का, हे बघायला अर्धा मिनिट पुरतो. खर्च कोणी करायचा, यावर वाद होतील. तो काकांच्या एकट्याच्या माथी मारला तर तपासणी कागदावरच होईल, हे आधीच ओळखून पालकांनी महिन्याच्या पैशांत थोडी भर घालणे जास्त व्यवहाराचे आहे. बॅटरीवर चालणारे कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म बाजारात मिळतात. व्हॅनच्या छताला एक असा अलार्म लावणे हा दुसरा उपाय, पण तो गळती बुजवत नाही, फक्त ओरडतो.

आरोग्य यंत्रणेकडेही बोट वळते. असा रुग्ण गुंगीत रुग्णालयात आला, तर परिचारिका आधी बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावते. त्यावर ९८ दिसते. कोविडच्या दोन वर्षांत घराघरात पोहोचलेले हे यंत्र इथे फसते. ऑक्सिजन बसलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड बसलेले हिमोग्लोबिन यांत ते फरक करू शकत नाही. खरे प्रमाण कळायला रक्ताची को-ऑक्सिमेट्री लागते आणि ही सोय अजून प्रत्येक सरकारी रुग्णालयात नाही. पण उपचारासाठी तिची वाट पाहायची गरज नसते. संशय आला की मास्कने शुद्ध ऑक्सिजन सुरू करायचा. त्याने वायू निम्मा व्हायला लागणारे चार-पाच तास साधारण तास-दीड तासावर येतात. संशय येण्यासाठी ‘गाडीत होतात का? काचा बंद होत्या का? सोबत आणखी कोणाला त्रास झाला?’ हे विचारावे लागते. गॅस गिझरच्या बाबतीत हा प्रश्न विचारायची सवय डॉक्टरांना लागली आहे. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आणि बाथरूममधल्या दुर्घटनेची बातमी नाशिककर एकाच आठवड्यात वाचतात. गाडीबद्दल ती सवय अजून लागायची आहे. गर्भवती महिलेच्या बाबतीत तर तिने विशेष निकड येते, कारण बाळाच्या रक्तातून हा वायू आईपेक्षाही सावकाश बाहेर पडतो. तीव्र विषबाधेतून सावरलेल्या काही रुग्णांना काही आठवड्यांनी विसरभोळेपणा, चालण्यात अडखळणे असे त्रास सुरू होतात. त्यांनाही पुन्हा बोलावून तपासावे लागते.

गॅरेजमधला मेस्त्री या सगळ्यात कुठेच मोजला जात नाही. दुरुस्ती झाली की तो इंजिन चालू करून, त्याच अरुंद जागेत डोके घालून आवाज ऐकतो. थंडीत शटर अर्धे खाली ओढलेले असते. काकांना दिवसात एका गाडीचा धूर मिळतो, त्याला सहा गाड्यांचा. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये निश्चित कर्ककारकांच्या यादीत टाकले आहे. जुनी पॅकिंग आणि भट्टीचे दोर अ‍ॅस्बेस्टॉसचे असत, त्यांना ब्रशने घासून उडवलेली धूळ फुप्फुसात वीस-तीस वर्षे दडून राहू शकते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांतल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला तो याच कारणाने. गॅरेजमधल्या पोराची कसली नोंद? त्याचे नाव हजेरीपटावरही नसते. जुने पॅकिंग कोरडे घासण्याऐवजी ओले करून काढले, शटर पूर्ण वर ठेवले आणि इंजिन शक्य तर बाहेर रस्त्याकडेला चालू केले, तरी पुष्कळ फरक पडतो. आणि गरम मॅनिफोल्डला हात लागलाच, तर त्यावर टूथपेस्ट किंवा ग्रीस न चोपडता वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचा. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले, हे त्याच वेळी आठवून बघायचे.

येत्या सिंहस्थासाठी जुन्या गाड्या पुन्हा बाहेर निघतील. कसारा घाट चढताना इंजिन लालबुंद होते. इगतपुरीच्या पावसात काचा वर जातात, मागे दहा-बारा यात्रेकरू, पहाटे तीनला सगळे पेंगुळलेले. सामान मावत नाही म्हणून मागचा दरवाजा दोरीने अर्धवट बांधून चालवायची आपल्याकडे पद्धत आहे. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर त्याच उघड्या दरवाजातून आत ओढला जातो, हे सांगितले तर चालक हसतात. घाट चढायच्या आधी, गाडी थंड असताना, सीट उचलून मॅनिफोल्डच्या कडेला टॉर्च मारायला पाच मिनिटे लागतात.

मेस्त्रीचे म्हणणे साधे असते : ‘शनिवारी रात्री गाडी ठेवून जा. रविवारी काढतो, सोमवारी सकाळी घेऊन जा.’ काका मान हलवतात आणि विचारतात, रविवारी लग्नाचे भाडे आहे, त्याचे काय?